पुण्याचा प्रवेश, गंगावेशीतलं दूध

काल कोर्टातून घरी येताना गंगावेशीत गाडी अडकली. तिथं कट्ट्यावर म्हशीची धार थेट ग्लासात काढून देतात. कोमट, फेसाळ दुधाचा तो वास खिडकीतून आत आला.

लहानपणी मला इंजेक्शन दिलं की आप्पा तिथंच न्यायचे. दुखलं की दूध, हा आमच्या घरचा रिवाजच होता.

वकिली पास झाले त्या वर्षी पुण्याहून फोन आला. एलएलएमला प्रवेश मिळाला होता. संध्याकाळी आप्पांनी स्कूटर काढली. "चल, कट्ट्यावर जाऊ." मला वाटलं, पेढ्यांऐवजी दूध! वाटेत मी होस्टेलबद्दल अखंड बडबडत होते. एरवी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारे आप्पा मात्र नुसतं 'हं' म्हणत स्कूटर हाकत होते.

दोघांच्या हातात ग्लास आल्यावर मी विचारलं, "आप्पा, काय झालं?"

"पी की आधी."

मी प्याले. मग ते म्हणाले, "तू गेल्यावर तुझ्या आईला डायलिसिसला कोण न्यायचं गं? मला कारखान्यात रजा न्हाय मिळायची."

या वेळी दूध आधी आलं होतं, सुई नंतर. मी पुण्याला गेले नाही. एका ग्लासावर माझी समजूत काढली म्हणून कितीतरी दिवस त्यांचा राग आला.

आता तो प्रसंग आठवतो तेव्हा माझा ग्लास दिसतच नाही. आप्पांचा दिसतो. फेस बसला होता, दूध निवून गेलं होतं आणि तो भरलेला ग्लास कुठं ठेवावा, हे त्यांना कळत नव्हतं.