डॉक्टर खंडारेबाईंचं इंजिन

डॉक्टर खंडारेबाई कोणाच्याही मोटारीचं बॉनेट उघडायच्या. लग्नाच्या मांडवासमोर नाहीतर कचेरीच्या आवारात जुनी मोटार दिसली, की “जरा पाहू द्या” म्हणत आणि मालक हो म्हणायच्या आत इंजिनावर वाकलेल्या असत. अकोल्यात लोक अजून या गोष्टीवर हसतात. मला ते हसणं सहन होत नाही. मी त्यांच्या दवाखान्यात नर्स होते, आणि ही सवय त्यांना कशी लागली ते मला ठाऊक आहे.

खेड्यापाड्यांतून बाळंतपणाची बोलावणी यायची. एसटीच्या भरवशावर राहणं जमेना, तेव्हा बाईंनी अमरावतीच्या बापूसाहेब वकिलांकडून एक जुनी विलायती मोटार घेतली. “मोठं इंजिन आहे, कुठलाही घाट चढेल,” असं बापूसाहेबांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. पण ती सपाटीवरच धापा टाकायची. करीम मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, व्हॉल्व्ह घासले. गाडी तशीच. तसली दुसरी गाडी अकोल्यात नव्हती, त्यामुळे ताडून तरी कशाशी पाहणार?

एका उन्हाळ्यात पातूरच्या घाटापलीकडून बोलावणं आलं. एक बाळंतीण अडली होती. तिचा दीर आमच्यासोबत गाडीत बसला. अर्ध्या चढावर गाडीने दम सोडला. तो आणि मी मागून ढकलत होतो, डॉक्टरबाई स्टिअरिंगवर. इंजिन तापलं की थांबायचं, निवलं की पुन्हा ढकलायचं. सकाळी निघालेलो आम्ही दुपार कलल्यावर पोचलो. आई वाचली, मूल वाचलं नाही. सासू म्हणाली, “नशिबात नव्हतं, बाई.”

बाई हात धूत होत्या. “नशिबाचं नाव काहून घेता, आजी?” त्या म्हणाल्या. “गाडी चढली नाही म्हनून गेलं ते.”

पुढच्याच महिन्यात अमरावतीला एका डॉक्टरांच्या दारात त्यांना अगदी तशीच गाडी दिसली. बाईंनी बॉनेट उघडलं; दुसऱ्याच्या गाडीचं ते पहिलंच. त्या इंजिनाला सहा प्लग होते, म्हणजे सहा सिलिंडर. आमच्या इंजिनाला चार. मग त्या आमच्या गाडीवर वाकल्या आणि इंजिन ज्या पायांवर बसतं तिथे बोट ठेवून मला म्हणाल्या, “हे पाह्य कुसुम, लोखंडी पट्ट्या जोडल्या. हे इंजिन या गाडीचं नाहीच. दुसऱ्याचं कलम केलं.”

तिथून आम्ही तडक बापूसाहेबांकडे गेलो. ते जेवून पान लावत बसले होते. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही, याचाच मला आजही जास्त राग येतो.

“ते मोठं इंजिन अचलपूरच्या माझ्या बगीच्यात विहिरीवर लावलं,” ते म्हणाले. “संत्र्याले पाणी लागते. बाईमाणसाले दवाखान्यात जायायेयाले चार सिलिंडर पुरतात.”

“मी कुठं जातो ते तुमाले माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “चला, बगीच्यातच बोलू.”

ते हसत आपल्या दुसऱ्या गाडीतून मागे आले. त्यांना वाटलं, बाई विनवण्या करतील. बाई विहिरीच्या काठावर जाऊन बसल्या. संत्री तोडणाऱ्या बाया पाण्याला आल्या, तेव्हा त्यांना डॉक्टरबाईंनी पातूर घाटाची सगळी हकीकत सांगितली, बापूसाहेबांच्या तोंडावर, आवाज न चढवता. त्यातली एक म्हातारी उठली आणि तिने विहिरीवरचं इंजिन बंद केलं. “मालक, हे इंजिन बाईले देऊन टाका,” ती म्हणाली. बाकीच्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. झाडांवर माल तयार होता, आणि तोडायला दुसरं कोणी नव्हतं. बापूसाहेबांचं हसू तिथे संपलं, आणि त्यांनी इंजिन सोडवायला सांगितलं.

इंजिन बैलगाडीत घालून अचलपूर गावात आणलं आणि तिथून ट्रकने अकोल्याला. विहिरीवर रॉकेलवर चालून त्याच्या आत काजळी धरली होती. करीम मिस्त्रींनी सिलिंडर बोअर करवून, म्हणजे आतून कोरून घेतले, नवे पिस्टन बसवले, पट्ट्या कापून इंजिन मूळ जागी बसवलं. हलक्या इंजिनासोबत घातलेल्या पुढच्या स्प्रिंगा आणि छोटा रेडिएटर काढून पुन्हा भक्कम बसवले. बाई रोज संध्याकाळी दवाखाना आटोपून मिस्त्रींच्या गॅरेजात उभ्या असत. बापूसाहेबांचं मात्र काहीच बिघडलं नाही. त्यांना सभांमध्ये हार पडत राहिले, आणि बाईंच्या माघारी लोक त्यांना भांडखोर म्हणत राहिले.

गाडी तयार झाल्यावर बाईंनी मला बसवलं आणि पातूरचा रस्ता धरला. घाट कधी सुरू झाला आणि कधी संपला, मला कळलं नाही. मी आनंदाने काहीतरी बोलत होते. माथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि खालच्या वळणांकडे पाहिलं.

“इतकाच तर रस्ता होता, कुसुम,” त्या म्हणाल्या.