पानगे न खाणाऱ्या सुधाताई

सुधाताई पानगे खात नसत. आता मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मराठी माणसानं पानग्यांना नाही म्हणायचं म्हणजे घरच्या लग्नात उपाशी बसायचं. कणकेच्या जाड पोळ्या पळसाच्या पानांत घालून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायच्या, वर तूप, सोबत वांग्याचं भरीत. आमच्याकडची सहल यावाचून होतच नाही. सगळे बोटं चाटत असताना ताई दूर एका दगडावर पाठ करून बसत आणि पदराच्या गाठीतले फुटाणे खात. कुणी आग्रह केला की म्हणत, "तुमच्या पानग्यायनं माहा डोंगर खाल्ला. मले नका वाढू."

आणि ते शंभर टक्के खरं होतं.

नकाशांच्या सरकारी कचेरीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. उकव्याकडच्या जंगलात एक डोंगर आहे, त्याची उभी, अरुंद धार ताईंनी नकाशावर कितीदा काढली असेल कोण जाणे. उंचीच्या रेघा तिथं इतक्या दाट येत, की शाई एकमेकींत मिसळू नये म्हणून त्या श्वास रोखून हात चालवत. "मंदे, आयुष्यभर रेघा ओढल्या. एकदा त्या रेघेवर उभी राह्यली का झालं," एवढंच त्यांचं मागणं होतं. पण एकट्या बाईला जंगलात कोण जाऊ देतं? गाडी करायची तर चार घरं सोबत हवीतच.

म्हणून दर हिवाळ्यात दुपारच्या चहाला त्या नकाशा पसरून बेत सांगत. उजाडायच्या आत निघायचं, नाल्याजवळ उतरायचं, थंडीतच धार चढायची. संगती पाणी, गूळ, फुटाणे. बस्स. "हौ ताई, एकदम बढिया!" सगळे माना डोलवत. मग आमचे मोठे बाबू, ठोंबरे भाऊ, खाकरत. "पन ताई, गोवऱ्या कोन आननार?" झालं! वांगी कुणाची, तूप कुणाचं, कढई, सतरंजी, पोरांचं बॅडमिंटन. नकाशावर चहाचे कप यायचे. ताई कडाडायच्या, "चढाले चाल्लो का बारश्याले?" आणि लोक हसायचे. ते हसणं आठवलं की आजही माझं अंग जळतं. बाई जीव तोडून सांगते आहे आणि यांची करमणूक होते आहे!

नाल्यावर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असायचं. "आधी खाऊन घेऊ, मंग चढू." खाल्लं की एकेक जण सतरंजीवर आडवा. "पोट भरलं का पाय मेले," ताई म्हणत आणि धारेकडे बघत बसत. दर वर्षी हेच.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी विस्तव पेटायची वाटच पाहिली नाही. साडीचा काचा मारला, कॅनव्हासचे बूट बांधले. "चाल मंदे. याइले पेटवू दे." मुरूम पायाखालून सुटत होता, आम्ही गवताला धरून वर सरकत होतो. ताईंना धाप लागली होती, पण चेहरा असा की बघत राहावं. "पाह्य, माही रेघ!" त्या म्हणाल्या. तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजायला लागला. मग ठोंबरे भाऊंची हाक, "ओ ताई! पानगे थंडे हो रहे हैं!" आम्ही थांबलो नाही. मग ते ओरडले, "ड्रायव्हर निघून राह्यला! परत या!" समोर एक मोठा काळा दगड आडवा होता, पुढचं काही दिसेना. ताईंनी त्याच्यावर हात ठेवला. "लय असन का अजून?" मला कुठं ठाऊक? जंगलात अडकून पडण्याच्या भीतीनं आम्ही उतरलो.

खाली ड्रायव्हर मांडी घालून भरीत मागत होता.

ताई आपल्या दगडावर जाऊन पाठ करून बसल्या. मी बोलले, पुष्कळ बोलले. भाऊ म्हणाले, "अरे, मजाक होता. ताई जेवल्या नव्हत्या ना." काळजी होती म्हणे! अशा काळजीला आग लागो. त्याच पावसाळ्यात ताईंचे गुडघे गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात हृदयानं दगा दिला.

तेरवीच्या पंगतीत ठोंबरे भाऊ डोळे पुसत म्हणाले, "यंदा ताईच्या नावानं धारेवर जाऊच. सगळे मिळून." खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. तोच ते शेजारच्याकडे वळले. "गोवऱ्या माह्याकडे. वांगे कोन आनते?"

मी ताटावरून उठले. "भाऊ, लाज वाटू द्या जराशी! मेल्यावरही तिले खालीच बसवता काय?"

पुढच्याच रविवारी मी नवऱ्याला घेऊन पहिल्या बसनं गेले. पदरात फुटाणे बांधले होते. तो काळा दगड आला. मी त्याला वळसा घातला, आणि चढ संपला. माथा! कचेरीच्या दारापासून चहाच्या टपरीपर्यंत असेल, तेवढंच अंतर. तेवढंच राहिलं होतं हो!

मी तिथं उभी राहून त्या हॉर्नला, त्या ड्रायव्हरला, ठोंबरे भाऊंना तोंडाला येईल ते बोलले. घसा बसेपर्यंत बोलले. नवरा घाबरला.

"काहून ओरडून राह्यली? कोनी नाही इथं."

"हौ," मी म्हटलं, "तेच तं."