हिरव्यागार तुरीची मुळं
शेजारच्यांनी आज बागेत युरिया टाकून पाणी सोडलं आणि तो झोंबरा वास खिडकीतून आत येताच मला अमरावतीच्या घराची गच्ची आठवली. हवेतलं नत्र रोपाला पुरवणारे जिवाणू तुरीच्या मुळांवर ज्या गाठींत राहतात, त्या गाठी धरताना रोपातली कोणती जनुकं जागी होतात, हा तेव्हा माझ्या संशोधनाचा विषय होता. जिवाणू लावलेलं बी मी मुद्दाम बिनखताच्या वाळूत, गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये पेरलं आणि महिनाभर अकोल्याच्या प्रयोगशाळेत गेले; पाणी घालायचं सासऱ्यांनी कबूल केलं होतं. परतले तेव्हा रोपं अशी हिरवीगार झाली होती की मी हरखूनच गेले. एक रोप उपटून बादलीत मूळ धुतलं. पांढरं, गुळगुळीत, एकही गाठ नाही. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं, सगळी तशीच. "बाबा, यांना काही घातलं होतं का?" जन्मभर भातकुलीत शेती केलेले सासरे हसले. "पानं पिवयी पडली होती बिचारी, मले पायवलं नाई. चिमटी चिमटी युरिया टाकला. तुले मुद्दामच नाई सांगतलं, म्हटलं खुश होशीन." मी तिथेच खाली बसले. नत्रासाठी उपाशी असलेलं रोपच जिवाणूंना हाक मारतं, पोट भरलेल्या रोपाची ती जनुकं जागीच होत नाहीत, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आज पुण्यात शिकणाऱ्या मुलाला न मागताच दर महिन्याला पाठवते तो डबा भरता भरता माझा हात थांबला. त्याने स्वतःहून फोन करून माझ्याकडे शेवटचं काय मागितलं होतं, ते काही केल्या आठवेना.