ओल्या रद्दीतली गोळी

नॉटिंगहॅमला खांबेटे काकांच्या घरी राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी आंघोळीला म्हणून गेले आणि तशीच परत आले. बाथटबमध्ये काठोकाठ वर्तमानपत्रं भिजत पडली होती. मला वाटलं, कुठलातरी पाइप फुटला. खाली जाऊन सांगितलं, तर काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "शनिवार आहे ना आज. शनिवारी आमच्याकडे आंघोळ सातच्या आत. नंतर टब ह्यांच्या हरणांचा."

हरणं अर्थातच घरात नव्हती. खांबेटे काका मूळचे चिपळूणचे, धातुशास्त्राचे इंजिनियर. मिडलंड्समधल्या एका कारखान्यात उभी हयात काढून रिटायर झालेले. शाकाहारी इतके, की केकमध्ये अंडं आहे का हे बेकरीवाल्याला दोनदा विचारायचे. बंदुकीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. आणि तरीही आसपासच्या दोन-तीन काउंट्यांमधले शिकारी, या मोसमात हरणासाठी कुठली गोळी घ्यावी हे विचारायला त्यांनाच फोन करायचे.

या सगळ्याचं मूळ कॉलिन. कारखान्यात तो काकांच्या शेजारी बसायचा आणि 'खांबेटे' म्हणता येईना म्हणून त्यांना नुसतं 'के' म्हणायचा. आता सत्तरी ओलांडलेला, बायको गेल्यापासून एकटा. या देशात लांडगे उरले नाहीत, त्यामुळे हरणं वाढतात आणि कोवळी झाडं खाऊन रान बोडकं करतात. ती परवान्याने मारायचं काम कॉलिन करायचा, आणि वर्षातून एकदा स्कॉटलंडच्या डोंगरात मोठ्या शिंगांच्या नरामागे जायचा. एकदा त्याने हरणातून काढलेली गोळी काकांना दाखवली आणि विचारलं, "के, हिचे असे तुकडे का झाले?" झालं! त्या दिवसापासून काकूंचा टब गेला.

काकांची पद्धत ठरलेली. भिजलेली रद्दी लांबट खोक्यांत ठासून भरायची, कारण ओला कागद गोळीला साधारण मांसासारखाच अडवतो. खोकी एका शेतकऱ्याच्या शेतात, फाटकाजवळच्या उंच मातीच्या बांधासमोर ठेवायची. कॉलिन गोळी झाडणार, मग काका गुडघे टेकून कागदाचा एकेक थर उलगडत ती शोधणार. घरी आणून टूथब्रशने धुवायची, सोनाराच्या काट्यावर तोलायची, वहीत लिहायची. शिशाची गोळी आत गेली की चटकन पसरते, पण तिचे कण मांसभर उडतात. नुसत्या तांब्याची गोळी पाकळ्या उघडते आणि वजन राखते; पाकळ्या उघडल्या की जखम रुंद होते आणि जनावर जागीच पडतं. काका तांब्याच्या बाजूचे. "खोक्यावर काय, कुणीही काहीही छापेल," ते म्हणायचे. "गोळीलाच विचारायचं, बाई, कुठवर गेलीस आणि काय होऊन आलीस?"

एका गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आरतीनंतर त्यांनी खिशातून अशीच एक उमललेली गोळी काढून मला दाखवली. मागून देशपांडे मावशी वाकून बघत म्हणाल्या, "अगंबाई, कुडी सुरेख आहे हो! जोडीची दुसरी कुठाय?"

"दुसरी हरणात राहिली," काका म्हणाले.

मावशींनी प्रसादाची प्लेट तिथेच ठेवली.

मी नागपूरची, सावजी मटणावर वाढलेली. पण मलाही हा छंद चमत्कारिक वाटायचा. एकदा विचारलंच, "काका, तुम्ही खात नाही, मारत नाही, मग तुम्हाला काय पडलंय?" ते जरा चिडले. "अगं, मी खात नाही म्हणून हरणाला दुखायचं थांबतं का? त्याला मारणारच आहेत ना? मग त्याला कळायच्या आत संपायला हवं. इट्स ॲन इंजिनियरिंग प्रॉब्लेम." त्या दिवसापासून मला हा माणूस फार आवडायला लागला.

ऑक्टोबरात कॉलिन स्कॉटलंडहून परतला तो उतरलेल्या चेहऱ्याने. स्वयंपाकघरात बसून त्याने सांगितलं. दरीच्या पलीकडच्या उतारावरच्या नराला त्याने तीनशे पावलांवरून गोळी घातली, नर पडला नाही, पळाला. कुत्र्याच्या मदतीने दोन तासांनी सापडला, तेव्हा जिवंत होता. "माझा हात गेला, के," तो म्हणाला. "पोलिसांना पत्र लिहून ठेवलंय. सोमवारी रायफल आणि परवाना देऊन टाकतो." मग त्याने रुमालातून गोळी काढली. सोलताना पलीकडच्या खांद्याशी सापडलेली.

काकांनी ती तोलली. वजन पूर्ण. एरवी त्यांनी खूश होऊन वहीत पैकीच्या पैकी मार्क दिले असते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून गोळी डोळ्यांजवळ नेली आणि खुर्चीत बसले. वजन पूर्ण होतं, कारण गोळी उघडलीच नव्हती. टोकाला जेमतेम फट. इतक्या लांबवर पोचेपर्यंत तिचा वेग इतका उतरला होता, की पाकळ्या फुटल्याच नाहीत. आणि काकांनी आजवरची प्रत्येक चाचणी फाटकाजवळ, पन्नास पावलांवरून घेतली होती. ओली खोकी जड, काकांचा गुडघा दुखरा, म्हणून फाटकाजवळ. त्या चाचण्यांवरून त्यांनीच कॉलिनला सांगितलं होतं, तांब्याची घे, डोळे मिटून.

त्यांनी हे सगळं आम्हाला मराठीत सांगितलं. कॉलिन आमच्या तोंडाकडे बघत बसला होता. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, कशाला सांगताय त्याला? आपणहून सोडतोय तर सोडू दे. ह्या वयात कशाला हवं ते डोंगर चढणं? आणि तुमचंही नाव राहील."

"नाव?" काका म्हणाले. "दोन तास ते जनावर तडफडलं, माझ्या गुडघ्यापायी. वर ह्याला आयुष्यभर वाटत राहणार, की ह्याच्या हातानं झालं." मग कॉलिनकडे वळून ते म्हणाले, "कॉलिन, युवर हँड वॉज फाइन. माय टेस्ट वॉज राँग."

कॉलिनने सगळं ऐकून घेतलं आणि काकांच्या खांद्यावर थोपटलं. "चांगला माणूस आहेस तू, के. मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस." आणि कोट चढवून तो गेला. काकांना इतकं हताश झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी एकेका शिकाऱ्याला फोन लावले. "लांबून तांब्याची ती गोळी मारू नका. मी चुकलो." एकाने फोन आपटला. बाकीच्यांनी शांतपणे विचारलं, "बरं, मग कुठली घेऊ?" काका दर वेळी म्हणायचे, "आय डोन्ट नो येट." नको म्हणणाऱ्या काकू शेजारी बसून पुढचा नंबर शोधून देत होत्या. शेवटचा फोन कॉलिनला. रविवारी, पोलिसांकडे जाण्याआधी, फक्त पाच गोळ्या. तो कसाबसा हो म्हणाला.

रविवारी खोकी फाटकाजवळ ठेवली नाहीत. काकूंनी आणि मी ती ढकलगाडीवर घालून चिखलातून पार तीनशे पावलांवरच्या दुसऱ्या बांधापर्यंत नेली. पुढच्या बाजूला काकांनी पांढरा कागद डकवला. आम्ही परत मागे आलो. कॉलिन गवतावर पालथा झाला आणि सावकाश, श्वास सोडत, पाच गोळ्या झाडून त्याने रायफल रिकामी केली.

"मी बघत नाही," तो म्हणाला. "तूच जा."

काका लंगडत तीनशे पावलं गेले. मी सोबत होते. त्यांनी आधी खोकी उघडली. पाचही गोळ्या जशा होत्या तशाच, बंद. "बघ," ते म्हणाले, "बघ, माझीच चूक!" आपली चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मग ते पांढऱ्या कागदाकडे वळले. त्यावर पाच भोकं होती. काकांनी आपला चिखलाचा पंजा त्यांच्यावर ठेवला. पाचही झाकली गेली, एकही बाहेर राहिलं नाही.

मी वळून पाहिलं. बघणार नाही म्हणालेला कॉलिन दुर्बीण डोळ्यांना लावून बसला होता.

"काका, चला," मी म्हटलं. "तुमचा गुडघा..."

"थांब गं," काका म्हणाले. पंजा त्यांनी हलवला नाही. "नीट बघू दे त्याला."