चुना पडत होता तेव्हा

पेणहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी आणि काका शेजारी बसायचो. ते पेणजवळच्या जोहे गावचे, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागात ऑपरेटर. मी त्याच विभागाच्या लॅबमध्ये केमिस्ट. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. बसमध्ये मी 'पोरी', रोह्याला कंपनीचं गेट ओलांडलं की 'मॅडम'.

आमच्या सांडपाण्यात तांबं आणि जस्त असायचं. त्यात सोडियम सल्फाइड सोडलं की दोन्ही धातूंचं सल्फाइड होऊन गाळ तळाशी बसतो. तांब्याचा काळा गाळ आम्लातही बसतो. जस्ताचा पांढरा गाळ मात्र आम्लात टिकत नाही, विरघळून जातो. म्हणून आधी चुना घालून पाण्यातलं आम्ल मारायचं आणि मगच सल्फाइड सोडायचं. हा क्रम चुकला तर जस्त तर पाण्यात राहतंच, शिवाय सल्फाइडचा विषारी वायू होऊन बाहेर पडतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. फार झाला की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो.

त्या दुपारी मी टाकीतल्या पाण्याचा नमुना आणला, आम्ल तपासायची पट्टी बुडवली, तर ती लालभडक. वरच्या प्लांटमध्ये कुणीतरी आम्लाची टाकी धुतली होती आणि ते पाणी न कळवता आमच्याकडे सोडलं होतं. इकडे सल्फाइड चालूच. मी धावत जाऊन सल्फाइडचा पंप बंद केला, चुना सोडायला सांगितलं.

"काका कुठायत?"

"खालच्या खड्ड्यात. पंप गळतोय म्हणून उतरले," सुपरवायझर म्हणाले आणि त्यांचाही चेहरा उतरला.

काका खड्ड्यात भिंतीला टेकून बसलेले दिसले, मान छातीवर. मी हाका मारल्या. शिडीवर पाय ठेवला, तर सुपरवायझरनी दंड पकडून मागे खेचलं.

"वायू खाली साचतो, मॅडम. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? मास्क येऊ दे."

मास्क आणि सिलिंडर दुसऱ्या गेटवर होते. ते येईपर्यंत मी कठड्याला धरून उभी. शेजारी टाकीत चुना पडत होता, पाण्यातलं आम्ल कमी होत होतं, जस्तही आता खाली बसलं असतं. खड्ड्यात साचलेल्या वायूला त्याचं काही नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

काका वाचले. बरेच दिवस दवाखान्यात काढून घरी आले. नंतर मी जोह्याला गेले, तेव्हा ते ओटीवर बसले होते, हात थरथरत होते. काकी मला आत घेऊन गेल्या.

"गो, तू शिकलेली हायस. खरं सांग, पयल्यासारखे व्हतील ना?"

डॉक्टरांनी काकींना सांगितलं होतं तेच मला ठाऊक होतं, काकांच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. मी म्हणाले, "वेळ लागेल, काकी." त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवला.

बाहेर आले तर काका म्हणाले, "पोरी, आज सुट्टी हाय का?"

"हो, काका."

काकींनी आणून दिलेला कप तोंडाशी नेताना चहा त्यांच्या लुंगीवर सांडला. मी पुसून दिला. त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "आज सुट्टी हाय का गो?"