डावं फूल
देवाचा कौल मी आईला खोटा सांगितला. शेवंतीचा वास आला की सत्तरच्या दशकातली ती दुपार अजून अंगावर येते. लग्न झालं नव्हतं, मस्कतची नोकरी चालून आली होती. मी गेलो तर अंध आई सोलापुरात एकटी उरणार होती. "उजवं फूल पडलं तर जा, डावं पडलं तर ऱ्हा," ती म्हणाली. देवळात आई माझ्या शेजारी बसली होती; समईची ज्योतही हलत नव्हती. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना शेवंतीची ओली फुलं चिकटवताच डावं पडलं, कुणी ढकलावं तसं. मी ते गुपचूप परत लावलं. पुन्हा तेच पडलं. "कंचं पडलं रं?" "उजवं." "दोन्ही येळा?" माझ्या अंगावर काटा आला, फुलाचा आवाज तो किती! "जा मग," ती म्हणाली. मी गेलो. काही वर्षांनी परतलो तेव्हा तिचे पाय धरून म्हणालो, "आई, मी खोटं बोललो. मला माफ कर."