वाऱ्याची पाळी

मैदानावर फक्कीच्या रेघा मारताना चुन्याचा वास नाकात गेला आणि शाळेतली तीन हजार मीटरची शर्यत आठवली. तलावाकडून समोरचं वारं अंगावर येत होतं. बपेऱ्याच्या शाळेची एक अनोळखी पोरगी माझ्यापुढे आली आणि मान वळवून म्हणाली, "माह्या मागं राय. हवा मी झेलतो, पुढच्या चक्करले तू झेल."

मला वाटलं, डाव आहे. हिला मला मागेच ठेवायचंय. फुकटची माया कोण करतं? मी तिला ओलांडलं, एकटीच वाऱ्याशी भांडले. शेवटच्या फेरीत पायच उचलेनात. ती माझ्या मागून आरामात पुढे निघून गेली.

आता मी पोरींना पाळीपाळीनं वारं अडवायला शिकवते. आज आसगावच्या नव्या पोरीला पुढे धावणारीकडे बोट दाखवून म्हटलं, "हिच्या मागं राय."

तिनं डोळे बारीक केले. "काहून मॅडम? तिले जितवाचं हाय का?"